वाट तीच, मग येताना लवकर काहून?

जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा. दोहा ते डॅलस आणि डॅलस ते दोहा, एवढ्या एकाच टप्प्याचा हा हिशेब मावशीने मनगटावरच्या घड्याळावर ठेवला होता. मुलाकडे तीन महिने राहून ती वर्ध्याजवळच्या आंजीला परतली, तेव्हा भेटायला आलेल्यांनी तिकडच्या थंडीचं विचारलं, नातवाचं विचारलं, घराचं विचारलं. मावशीच्या मनात वेगळंच घोळत होतं. "वाट त थेच हाय ना? मंग येताना लवकर काहून?"

ओसरीवर बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, घराकडची वाट नेहमी जवळचीच वाटते. पण इथे वाटण्याचा प्रश्न नव्हता. घड्याळाने मोजलेला दीड तास होता. दहावीतला शेजारचा मुलगा म्हणाला, पृथ्वी फिरते म्हणून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीला मात्र ते पटेना. "धरती फिरते त वरची हवाबी तिच्यासंगच फिरत असन. नाहीतर इथं बसल्या बसल्या घरावरचे टिनं उडून नसते गेले?"

हा मुद्दा पक्का आहे. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करते. विषुववृत्तावरचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर; म्हणजे तिथली जमीन ताशी जवळपास १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते. उत्तरेकडे घेर आकसत जातो. आंजी साधारण २०.८ अंश उत्तरेला आहे, तिथे हा वेग ताशी १,५६० च्या आसपास भरतो. हवा जागच्या जागी उभी राहिली असती आणि जमीन तेवढी खालून सरकली असती, तर धाम नदीच्या काठावर एक झाड उभं राहिलं नसतं. जमीन, नदी, घरं, हवा आणि हवेत उठलेलं विमान हा सगळा संसार एकाच वेगाने पूर्वेकडे चाललेला असतो. धावत्या एसटीत वर फेकलेला संत्रा मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, परत आपल्याच हातात येतो, तसंच. गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट जहाजाच्या बंद खोलीतल्या माशा आणि फुलपाखरांवरून समजावली होती. मावशीला ती घरावरच्या टिनांवरून समजली.

मग दीड तास गेला कुठे? ते सांगण्याआधी अंतर नीट मोजावं लागेल, कारण मावशीचा दुसरा प्रश्न त्याच्याशी जोडलेला होता. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात तिने पाहिलं होतं की विमान सरळ पश्चिमेला न जाता वर वर चढत गेलं, आइसलँड-ग्रीनलंडच्या बाजूने, आणि मग खाली उतरलं. "अमेरिका त पश्चिमेकडे हाय. मंग वर काहून नेलं आमाले?"

शाळेतला पृथ्वीगोल आणि शिवणकामाचा दोरा घेऊन आम्ही ओसरीवरच बसलो. गोलाचा घेर जवळपास एक मीटर होता, म्हणजे एक सेंटीमीटरला चारशे किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक वर्ध्याच्या जागी दाबून धरलं, दुसरं डॅलसवर, आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा आपणहून सगळ्यात जवळची वाट शोधतो. तो अरबस्तानाकडे गेलाच नाही. तो सरळ उत्तरेला निघाला: हिमाचल, लडाख, चीनचा पश्चिम कोपरा, कझाकस्तान, सैबेरिया, उत्तर ध्रुवाला जवळजवळ खेटून कॅनडा, आणि तिथून खाली टेक्सास. लांबी भरली पस्तीस सेंटीमीटर, म्हणजे चौदा हजार किलोमीटर. मग तोच दोरा भिंतीवरच्या नकाशात सरळ रेषा दिसते तसा, इजिप्त आणि सहारा वाळवंटावरून अटलांटिक ओलांडून, बोटांनी धरून ठेवला. आता साडेत्रेचाळीस सेंटीमीटर लागले, म्हणजे सतरा हजार चारशे किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात सरळ दिसणारी वाट जवळपास साडेतीन हजार किलोमीटरने लांबची निघाली. नकाशा कागदावर पसरताना ध्रुवाकडचा भाग ताणून रुंद करावा लागतो, म्हणून तिकडची जवळची वाट आपल्याला वाकडी दिसते.

आंजीचं रेखावृत्त साधारण ७८.५ अंश पूर्व आणि डॅलसचं ९७ अंश पश्चिम. बेरीज १७५.५. म्हणजे ही दोन गावं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत. आपण उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलो, तर डॅलस जवळजवळ नाकासमोर येतं, फक्त मध्ये ध्रुव आहे. ही गोष्ट मला फार आवडते. वर्ध्याहून आर्वीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावातून अमेरिकेची दिशा विचारली तर आपण सगळे हात मावळतीकडे करतो. तो उत्तरेकडे करायला हवा.

असा हिशेब मांडता येतो तो एका माणसामुळे, आणि तो माणूस आपल्याच जिल्ह्यात गाडलेला आहे. आंजीपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर हिंगणघाट. तिथे २० जानेवारी १८२३ ला विल्यम लॅम्बटन वारला. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना वाटेत. एप्रिल १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणांची जाळी विणत वीस वर्षं तो दख्खनभर हिंडला. अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून टेकड्या, किल्ले, देवळांची गोपुरं चढत असे. एक बाजू आणि दोन कोन मोजले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. त्याच्या मोजणीचा मुख्य कणा कन्याकुमारीपासून ७८ रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत होता. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने तो हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. नकाशा हा या कामाचा एक उपयोग. लॅम्बटनचा स्वतःचा ध्यास पृथ्वीचा नेमका आकार शोधण्याचा होता.

आकाराने फरक पडतो तो असा. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांशी थोडी चपटी आहे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाशी ६,३५७. म्हणून अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ ११०.६ किलोमीटर असतो, तर ध्रुवाजवळ १११.७. एका अंशाला किलोमीटरभराचा फरक. शंभर-सव्वाशे अंशांच्या प्रवासात तो जमा होत जातो. आजच्या विमानातलं संगणकयंत्र दोन शहरांमधलं अंतर काढतं ते अशाच चपट्या गोलाच्या गणिताने, आणि त्या गणिताच्या मुळाशी लॅम्बटनसारख्यांच्या मोजण्या आहेत. नागपूरचा झिरो माइलचा खांब आपल्याला ठाऊक असतो. तो १९०७ चा, भारतीय सर्वेक्षण खात्याच्या प्रमाण उंचीची खूण. तिथे लोक फोटो काढतात. हिंगणघाटच्या कबरीकडे फारसं कोणी फिरकत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

असो. दोऱ्याने दाखवलेली वाट चौदा हजार किलोमीटरची. मोठं जेट विमान ताशी नऊशेच्या आसपास उडतं. भागाकार केला तर साडेपंधरा तास. मावशी मात्र आंजीच्या घराच्या उंबरठ्यापासून डॅलसच्या उंबरठ्यापर्यंत तेहतीस तास प्रवासात होती. निम्म्याहून जास्त वेळ हिशेबाबाहेर राहिला.

तो वेळ शोधला तर बराचसा जमिनीवर सापडतो. रात्री आठला घरून निघणं. येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गावर चढून नागपूर, सोनेगावचा विमानतळ. सामानाच्या बॅगा काट्यावर ठेवणं, शेवया आणि मुगवड्यांची पाकिटं या बॅगेतून त्या बॅगेत करणं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी या, असं तिकिटावरच बजावलेलं. उत्तररात्री विमान. नागपूर ते दोहा २,८४० किलोमीटर, सव्वाचार तासांच्या आसपास. दोहाला दुसऱ्या विमानाची वाट पाहणं. मग दोहा ते डॅलस, १२,७५० किलोमीटर. शेवटी पासपोर्टवर शिक्का मारून घेण्याची रांग, सामानाचा फिरता पट्टा, मुलाची गाडी. हवेत वीस-साडेवीस तास, बाकी साडेबारा-तेरा तास पाय जमिनीवर. शिवाय दोहावरून जायचं म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा दीड-एक हजार किलोमीटर जास्त उडायचं.

मग दोहावरून का जायचं? कारण नागपूर किंवा वर्ध्याच्या परिसरातून रोज एक अख्खं विमान भरेल एवढी माणसं डॅलसला जात नाहीत. पण नागपूर, कोची, ढाका, काठमांडू, कोलंबो अशा गावांमधून थोडी थोडी माणसं एकाच वेळी एका जागी आणली, त्यांची अदलाबदल केली आणि वेगवेगळ्या दिशांना सोडली, तर प्रत्येक विमान भरतं. वाटेतली दोन-तीन तासांची प्रतीक्षा ही त्या भरलेल्या विमानाची किंमत.

ही युक्ती आखातातल्या विमान कंपन्यांची आहे असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे ती १९४९ पासून चालत होती, आणि तिचं ठिकाण होतं नागपूर. जानेवारी १९४९ च्या अखेरीस रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपूरला येऊन टेकत. टपालाच्या थैल्या खाली उतरत, वाटल्या जात, पुन्हा चढत. मुंबईचं विमान दिल्ली, कलकत्ता, मद्रासची पत्रं घेऊन मुंबईला परत. तसंच बाकीची तीन. पहाटे पत्रं आपापल्या शहरात. थोडे प्रवासीही असत, तेही मध्यरात्री विमान बदलत. नागपूरच का, ते अंतरांकडे पाहिलं की कळतं. तिथून मुंबई सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. चारही तीन-साडेतीन तासांच्या टप्प्यात, म्हणजे एका रात्रीत जाऊन येता येईल असे. काही महिन्यांतच साधं पत्रसुद्धा जादा तिकीट न लावता विमानाने जाऊ लागलं. ही सेवा १९७० च्या दशकापर्यंत चालली. दोहाच्या झगमगीत दालनात मावशी ज्या व्यवस्थेमुळे तीन तास बसली, तिची साधी, गरीब, थैल्यांनी भरलेली आवृत्ती एके काळी तिच्या घरापासून शंभर किलोमीटरच्या आत रोज रात्री मांडली जायची.

नागपूर मध्यावर असल्याचं आजही दिसतं, फक्त वर पाहावं लागतं. युरोप आणि आग्नेय आशियादरम्यानची पुष्कळ विमानं विदर्भावरून जातात. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपलं की रात्रभर एकेक दिवा चांदण्यांमधून सरकताना दिसतो. त्यातलं एखादं अडचणीत आलं की नागपुरात उतरतं. २७ ऑगस्ट २०२१ ला मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बांगलादेशच्या विमानाच्या मुख्य वैमानिकाला आकाशातच हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा सहवैमानिकाने विमान नागपूरला सुखरूप उतरवलं. प्रवासी वाचले. त्या वैमानिकाचा मात्र काही दिवसांनी नागपूरच्या रुग्णालयात मृत्यू झाला.

आता तो दीड तास.

शाळेच्या गणितात एक उदाहरण हमखास असे: नाव प्रवाहाच्या दिशेने अमुक तासांत जाते, प्रवाहाच्या विरुद्ध तमुक तासांत येते, तर प्रवाहाचा वेग काढा. मावशीच्या दोन आकड्यांना तेच गणित लावलं. १२,७५० भागिले सोळा, ताशी सुमारे ८००. १२,७५० भागिले साडेचौदा, ताशी ८८०. फरक ८०, त्याचं अर्धं ४०. म्हणजे जाताना सरासरी ताशी चाळीस किलोमीटरचा वारा समोरून आला आणि येताना तेवढाच पाठीमागून. मनगटावरच्या घड्याळाने मावशीने अर्ध्या जगावरचा वारा मोजला होता. हिशेब ढोबळ आहे, कारण जायची आणि यायची वाट नेमकी एक नसते. का नसते ते पुढे येईलच.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जिथे ही विमानं उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद, जोरदार पट्टे असतात. इंग्रजीतून आपण त्यांना जेट स्ट्रीम म्हणतो. मला हवेतल्या नद्या म्हणावंसं वाटतं. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात त्याहूनही वाढतो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२४ च्या सुमाराला फुगे सोडून हे वारे मोजले. जगाला कळावं म्हणून त्याने आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या जागतिक होऊ पाहणाऱ्या भाषेत छापला, आणि नेमक्या त्याच कारणाने तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची उंचावरून उडणारी बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली आणि समोरून आलेल्या वाऱ्याने जवळजवळ अडली, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याचा जोर कळला.

हे वारे तयार होतात त्यात त्या दहावीतल्या मुलाचं उत्तर अनपेक्षितपणे कामाला येतं. विषुववृत्ताकडची हवा तापून फुगते, वर चढते आणि उंचावरून उत्तरेकडे सरकते. सरकताना ती मूळ जागेचा पूर्वेकडचा वेग सोबत घेऊन जाते. आंजीच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी १,५६०, तर ३० अंशांवर साधारण १,४४५. आंजीवरून निघालेली हवा तिथे पोचते तेव्हा खालच्या जमिनीपेक्षा ती जोरात पूर्वेकडे धावत असते. हा जास्तीचा वेगच तिथे आपल्याला पश्चिमेकडून येणारा वारा म्हणून लागतो. प्रत्यक्षात यात आणखीही गोष्टी आहेत. उत्तरेकडची गार हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा जिथे भिडतात, तिथे पट्टा आणखी जोर धरतो. पण मूळ हे. पृथ्वी विमानाखालून सरकत नाही, इथे मावशी बरोबर. आणि पृथ्वी फिरते म्हणूनच येताना लवकर येतं, इथे मुलगाही बरोबर. फक्त मध्ये वारा आहे. मी हे सांगितल्यावर तो मुलगा फार खूश झाला.

आपल्याकडे हा पट्टा हिवाळ्यात उत्तर भारतावर असतो. पावसाळ्यात तो हिमालयापलीकडे सरकतो आणि द्वीपकल्पावर, आणखी उंचावर, उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा झोत सुरू होतो. तो दाखवून देण्यात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. १९५० च्या दशकातलं हे काम. आंजीच्या शेतात सोयाबीन उगवत असतं तेव्हा वर पंधरा किलोमीटरवर वारा दिशा बदललेला असतो.

वैमानिक हे वारे टाळतात किंवा पकडतात. म्हणूनच जायची आणि यायची वाट वेगळी. पश्चिमेला जाताना वाऱ्याच्या पट्ट्याच्या उत्तरेकडून निसटायचं, पूर्वेला येताना दक्षिणेकडे सरकून त्याच्या धारेत शिरायचं. अटलांटिक महासागरावर तर या वाटा रोज नव्याने आखल्या जातात, त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाने हा झोत इतका चेतला की न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-सात तास लागत.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या एअर इंडियाचं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी अटलांटिकवरून पश्चिमेकडे जायचं, जवळपास १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या दिशेने, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. वारा सबंध वाटभर पाठीशी होता. "किती लांब?" आणि "किती वेळ?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे यापेक्षा स्वच्छ मला दाखवता येणार नाही.

मग दोऱ्याने दाखवलेल्या ध्रुवावरच्या वाटेने कोणी जातं का? जातं. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून एअर इंडियाचं विमान निघालं आणि उत्तर ध्रुवाच्या भागावरून ११ तारखेच्या पहाटे बंगळूरला उतरलं. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखालच्या त्या चारही वैमानिक स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यात आकांक्षा सोनावरे हे नाव वाचून मला झालेला आनंद अजून आठवतो. दोन शहरांमधलं सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर, उडावं लागलं सुमारे १६,०००. बंगळूर आणि आंजी जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे ही वाट आपल्याही दोऱ्याची सख्खी शेजारीण.

दोन हजार किलोमीटरचा फरक पडतो त्याला डोंगरही कारण आहेत. दोरा लडाखवरून गेला होता, पण तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमानं शक्यतो जात नाहीत. विमानात हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला माणसांना श्वास घेता येईल अशा उंचीवर, दहा हजार फुटांच्या आसपास, लवकर उतरावं लागतं. तिबेटात जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. उतरायचं कुठे? त्यामुळे दोऱ्याची वाट डोंगराला वळसा घालते.

आणि सरहद्दी. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला सरळ जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबावं लागलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय विमानांना मिटलं. शहरं जागची हललेली नाहीत. तरी एका रात्रीत त्यांच्यातला प्रवास दोन-तीन तासांनी लांबतो. लांब पल्ल्याच्या विमानाच्या पोटात पावणेदोन लाख लिटरच्या आसपास इंधन मावतं, आणि त्यातलं बरंच उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. म्हणून वळसा लांबला की टाकी थोडी जास्त भरून भागत नाही, प्रवासी आणि सामान कमी करावं लागतं.

हे सगळं ऐकून मावशीला आनंदीबाई जोशींची आठवण झाली. त्यांची गोष्ट तिने लहानपणी ऐकली होती. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. वय अठरा, सोबत घरचं कोणी नाही. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हावरून एका दिवसात लंडनला पोचलं, आणि १९६० च्या मे महिन्यात एअर इंडिया बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कपर्यंत गेली. अठ्ठावन्न दिवसांचे तेहतीस तास झाले. "ते पोरगी अठ्ठावन्न दिवस बोटीत होती," मावशी म्हणाली, "अन् मी सोळा घंट्याचं रडगानं लावून बसली."

एक गणित मात्र तिने मला शिकवलं, मी तिला नाही. डॅलसचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेदहा तास, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. नातू रात्री साडेआठला झोपायला जातो. उन्हाळ्यात तेव्हा आंजीत सकाळचे सात वाजलेले असतात आणि मावशी चुलीवरचा चहा उतरवून फोन लावते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर ती आठ वाजेपर्यंत थांबते. मधल्या तासाभरात अंगण झाडून होतं.